बाँगछी ओ देत नाही

२२ एप्रिल

आजपासून नवी नोकरी. बारा वर्षं शिन्चूच्या मोठ्या कंपनीत सर्व्हर सांभाळले आणि त्यांनी गोड बोलून घरी बसवलं. आता हौबीत, आईच्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटं, ऑर्किडच्या बागेत. आई म्हणते, एवढी शिकलेली मुलगी शेवटी कुंड्यांतच गेली. म्हणू दे.

सात शेड आहेत. एक ते आठ, चार नंबर नाही, अर्थातच, चारचा उच्चार मरणासारखा. प्रत्येक शेडमध्ये एक छोटा डबा, तो पंखे, झडपा आणि हवा गार करणारे पाण्याचे पडदे चालवतो. या सगळ्या डब्यांना हुकूम देणारा एकच जुना लिनक्स सर्व्हर, पॅकिंगच्या खोलीमागच्या कोनाड्यात. हे सगळं च्येन मास्तरांनी एकट्यानं उभं केलं. म्हणजे बागेचे मालकच. नवीन वर्षानंतर त्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. उजवा हात गेला आणि शब्द गेले. समजतं सगळं, पण बोलायला गेलं की "ते... ते..." एवढंच. लिहिताही येत नाही. म्हणून मालकीणबाईंनी मला ठेवलं. सहासष्ट वर्षांच्या आहेत, पायात गमबूट, तोंड एकदम तिखट. मला म्हणाल्या, "तुझी डिग्री मला दाखवू नकोस. पंखे फिरले पाहिजेत, बस."

सर्व्हरवर हिरवी पुडी होती, खोबऱ्याच्या कुरकुऱ्यांची, यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून सगळीकडे ठेवतात तशी. पण तारीख चौदा महिन्यांपूर्वीच उलटलेली. शिन्चूत अशी पुडी कुणी ठेवली असती तर बॉसनं त्याला उभा जाळला असता. शिळी पुडी म्हणजे यंत्राला आपणहून सांगणं की बाबा, आता रुसलास तरी चालेल. पाठीमागच्या तारखेचा फोटो काढून तिंगला पाठवला, जुन्या ऑफिसातली मैत्रीण, ती अशा गोष्टींवर पोट धरून हसते. पाठीवर मार्करनं बरंच काही खरडलेलं होतं. लोक लिहितात, शहाण्यासारखं वाग वगैरे. संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू आल्यावर पुडी तिच्यात टाकली आणि वाटेतल्या दुकानातून ताजी आणून ठेवली. पहिल्या दिवसाचं पहिलं काम चोख झालं.

२५ एप्रिल

सर्व्हर तीन वर्षांत एकदाही अद्ययावत केलेला नव्हता. मी केला. बंद करून चालू केला. झालं, एकही डबा नावानं ओ देईना.

नंबरानं हाक मारली तर सगळे हजर. नावानं मारली तर "हे नाव माहीत नाही". नावापुढे नंबर लिहिलेली यादी असते ना यंत्रात, ती उघडली तर कोरी करकरीत, नुसतं यंत्राचं स्वतःचं नाव तेवढं शिल्लक. जुनी प्रत शोधली. नाही. असलीच तर मास्तरांच्या डोक्यात, आणि तिथून काही बाहेर येत नाही.

मालकीणबाईंनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. डब्याला अर्धा तास हुकूम मिळाला नाही तर तो समजतो की वादळ आलंय आणि तारा तुटल्या आहेत. मग झडपा मिटतो, पंखे थांबवतो, वरची सावलीची जाळी गुंडाळतो आणि गप्प बसतो. मास्तरांनी असं केलं कारण एका वादळात उघड्या झडपांमुळे अख्खी शेड उडाली होती. वादळात ठीक आहे. एरवी दुपारी ती भट्टीच. प्रत्येक डब्यावर एक खटका आहे, "हात" किंवा "आपोआप". आज दिवसभर सगळे खटके "हात"वर, आणि मालकीणबाई स्कूटरवरून एका शेडमधून दुसरीत. मला लाज वाटली.

२६ एप्रिल

डब्यांवर नंबरांचे कागद चिकटवलेले सापडले, आणि नावं सर्व्हरमधल्या प्रोग्रॅममध्ये होतीच. मास्तर शेडला नावं देतात ती त्या शेडमध्ये वाढणाऱ्या फुलांची, असं मालकीणबाई म्हणाल्या. बगळा, कंदील, पाचू, अशी. पाचच्या डब्याचं नाव इंग्रजी अक्षरांत काहीतरी अगम्य आहे. बोंगची म्हणा, बाँगछी म्हणा. कसलातरी संक्षेप असेल. यादी पुन्हा लिहून काढली. सगळे ओ देऊ लागले. खटके "आपोआप"वर.

"फिरले," मालकीणबाई पंख्यांकडे बघून म्हणाल्या. त्यांच्याकडून हे म्हणजे मोठं बक्षीस.

३० एप्रिल

आज पाच नंबर आतून पाहिली. तीनशे दहा कुंड्या. मास्तरांनी स्वतः तयार केलेला संकर, नऊ वर्षांचा. गेल्या वर्षी पहिली दोन फुलं आली, या वर्षी सगळ्यांना दांडे आलेत. बाहेर कुणाला एक रोपही दिलेलं नाही, जगात जे आहे ते या शेडमध्ये. नव्या जातीच्या नोंदणीचा कागद भरून तयार आहे, फक्त नावाची जागा रिकामी. मास्तर म्हणायचे, नाव ठरलंय, सगळी फुलल्यावर सांगतो. आणि मग त्यांची वाचाच गेली.

"रोज संध्याकाळी कागद घेऊन बसते त्याच्यापुढे," मालकीणबाई म्हणाल्या. "विचारते, काय रे म्हाताऱ्या, काय ठेवायचं नाव? तर माझ्याकडे बोट दाखवतो. म्हणजे तूच ठेव. मी कशाला ठेवू? नऊ वर्षं त्यानं पोसलीत, नाव त्यानंच सांगायला हवं."

त्यांनी तीन कुंड्या उचलून मास्तरांच्या खिडकीत नेल्या. डोळ्यांसमोर फूल उमललं तर शब्द येईल असं डॉक्टरांनी म्हणे सांगितलं. मला वाटतं डॉक्टरांनी काही सांगितलं नसावं.

९ मे

नेटवर्कची तार बदलायची म्हणून सर्व्हर बंद करून चालू केला. पुन्हा तेच. यादी कोरी. मी गेल्या वेळी नीट जतन केली नव्हती का? केली होती. वाटतं तरी तसं. पुन्हा लिहिली.

१३ मे

रोज सकाळी मालकीणबाई मास्तरांची चाकाची खुर्ची माझ्या कोनाड्याच्या दाराशी आणून ठेवतात, करमणूक म्हणून. मास्तर पडद्याकडे एकटक बघत बसतात. आज मी यादी उघडून बसले होते, तर त्यांनी डाव्या हातानं सर्व्हरवरची हिरवी पुडी दाखवली. "ते... ते..." मी म्हटलं, मास्तर, ती खायची नसते, तुम्हाला माहीत आहे. ते ऐकेनात. बोट खाली घेईनात. शेवटी म्हटलं म्हातारं माणूस आहे, काय होणार आहे, आणि पुडी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती उघडली नाही. उलटी केली, पाठ बघितली, पुन्हा सुलटी, पुन्हा उलटी. मग माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांचं काही चोरलंय. आणि पुडी जमिनीवर फेकली.

"लहान पोरासारखं झालंय त्याचं," मालकीणबाई म्हणाल्या. मी दुकानातून दुसरी पुडी आणून त्यांना खायला दिली. एकही कुरकुरा खाल्ला नाही. रडले. मलाही कसंतरी झालं, पण काय करणार.

२० मे

दुपारी दोन मिनिटं वीज गेली. यादी पुन्हा कोरी.

म्हणजे मी वेडी नाही. काहीतरी पुसतंय. आज नऊ तास शोधलं. नाव विचारण्याचा क्रम बघितला, आधी यादी मग बाहेरचा नावं सांगणारा सर्व्हर, तो बरोबर. बाहेर विचारायचा पत्ता कुणीतरी परस्पर बदलतंय असं दिसलं, तो पकडून बांधून ठेवला. नाव तपासायचं एक हत्यार म्हणतं नाव आहे, दुसरं म्हणतं नाही. मग कळलं की दुसरं हत्यार यादी बघतच नाही, सरळ बाहेर विचारतं, म्हणजे अर्धा दिवस मी ज्याच्यावर चिडले त्याचा काही दोष नव्हता. बारा वर्षांचा अनुभव. शाबास फांगबाई.

मालकीणबाई दाराशी उभ्या राहिल्या. "काय म्हणतंय तुझं यंत्र?"

"म्हणतंय, हे नाव मला माहीत नाही."

"कुठलं नाव?"

"पाच नंबरचं," मी म्हटलं. लांबण कुठे लावत बसू.

"आमच्या घरातही तेच चाललंय," त्या म्हणाल्या आणि पेज आणायला गेल्या. रताळं घातलेली पेज. माझ्यासमोर ठेवली.

२७ मे

सहा शेडचा प्रश्न मिटवला, जरा अडाणीपणानं. प्रोग्रॅममध्ये नावाच्या जागी थेट नंबर ठोकून दिले. आता यादी असो नसो. पण पाच नंबरचा प्रोग्रॅम मास्तरांनी वेगळा केलाय, बंद करून, त्यात कुणी हात घालू नये असा. त्याला नंबर चालत नाही, नावच हवं. मनात म्हटलं, बाई गं, एवढा कसला तोरा. बाँगछी, हे नाव माहीत नाही. बाँगछी, हे नाव माहीत नाही. दिवसभर पडद्यावर तेच, आणि तोवर पाच नंबर "हात"वर. कॉफी पितानाही ते नाव माझ्या डोक्यात वाजत होतं.

५ जून

पाच दिवस झाले, बाँगछी ओ देतेय. पुसणारा सापडला असं वाटतंय. बाहेरची नावं सांभाळणारी एक सेवा यादीत ढवळाढवळ करत असणार, ती बंद केली. एकदा सर्व्हर बंद करून चालू करून बघायला हवं होतं. पण पारा छत्तीसला आहे, कळ्या फुटायला आल्यात, आणि उगाच पाच नंबरवर वादळ ओढवायचं जिवावर येतं. चालतंय ते चालू दे.

मालकीणबाईंनी विचारलं, नौकांच्या सणाला सगळे गडी सुट्टीवर, आणि त्यांना मास्तरांना घेऊन मुलीकडे च्याईला जायचंय. सकाळी जाऊन दुपारी परत. आजारपणानंतर पहिल्यांदाच. पाच नंबर "हात"वर ठेवायची का, म्हणजे कुणालातरी बसवावं लागेल. मी म्हटलं, "कशाला? खुशाल जा. आपोआप चालेल. मी जबाबदार."

मी जबाबदार. हे शब्द मी स्वतःच्या तोंडानं बोलले.

१० जून

सण. आईनं बांबूच्या पानात भात बांधला, आत शेंगदाणे आणि मांस. मी सकाळीच तीन खाल्ले आणि पुन्हा झोपले. पावणेदहाला घरातले दिवे एकदा मिचमिचले. मी उठले नाही. दिवे तर नेहमीच मिचमिचतात.

तीन वाजता मालकीणबाईंचा फोन. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "फांग, ये."

११ जून

लिहायला नको वाटतंय, पण लिहिते.

मी पोचले तेव्हा त्यांनी शेडची सगळी दारं सताड उघडली होती. आतून अजूनही वाफ येत होती. भिंतीवरचा पारा सर्वांत वर जिथे जाऊन आला तिथे खूण राहते. चोपन्न. झडपा मिटलेल्या, पंखे थांबलेले, सावलीची जाळी मात्र गुंडाळलेली, म्हणजे वरून ऊन सरळ आत. पानं उकडलेल्या पालेभाजीसारखी लाकडाच्या मांडणीवर लोळत होती. दांडे उभे होते, पण हात लावला की कळ्या गळायच्या. तीनशे सात कुंड्या. मी एकेक बघत गेले. कशाला बघत होते कोण जाणे. एखादी तरी. नव्हती.

मालकीणबाई नळी घेऊन पाणी मारत होत्या. मेलेल्या झाडांवर. मी म्हटलं, अहो राहू दे. म्हणाल्या, "हाताला काहीतरी हवं ना गं."

मास्तरांना त्यांनी शेडपाशी आणलंच नाही. पण त्यांना कळलंय. वासावरून कळलं असेल.

सर्व्हर उघडला. यादी कोरी. बाँगछी, हे नाव माहीत नाही. पावणेदहापासून दर मिनिटाला एक ओळ. यंत्रानं माझ्याकडे तीनशेच्या वर वेळा मदत मागितली आणि मी भात खाऊन झोपले होते.

१२ जून

राजीनामा लिहिला. मालकीणबाईंनी वाचला नाही, घडी करून चहाच्या डब्याखाली ठेवला. म्हणाल्या, आधी कशामुळे झालं ते शोध. उरलेल्या सहा शेडचं असं झालं तर मी कुणाकडे बघू?

मला माहीत नाही कशामुळे झालं. खरंच माहीत नाही. एवढी असहाय मी नोकरी गेली तेव्हाही नव्हते.

१४ जून

तिंगचा निरोप आला. एप्रिलमधल्या त्या फोटोखालीच तिनं विचारलं होतं, काय गं, ताजी पुडी ठेवलीस, आता यंत्र शहाण्यासारखं वागतं ना? तिला काही माहीत नाही, चेष्टा करत होती. मी उत्तर न देता फोन ठेवणार होते. फोटोवर बोट पडलं आणि तो मोठा झाला.

तारीख. आणि तारखेखाली मास्तरांचं अक्षर. बारीक, सरळ ओळींत, शाळेच्या मास्तरांसारखं.

"यादीत लिहू नको. सुरू होताना यंत्र साच्यावरून यादी नवी लिहितं आणि तुझं पुसतं. साच्यात लिही." खाली साचा कुठे आहे तो रस्ता. त्याखाली सात नावं आणि सात नंबर.

अद्ययावत करताना यंत्रानं जुना साचा बदलू का विचारलं, मी होकार दिला आणि साचा नवा, कोरा झाला. ज्या माणसानं हे होणार म्हणून लिहून ठेवलं होतं, त्याचं लिहिलेलं मी तीन दिवस आधी कचऱ्यात टाकलं होतं. तारीख उलटलेली म्हणून. आणि तो माणूस खुर्चीत बसून मला पुडी दाखवत होता, आणि मी त्याला कुरकुरे खायला दिले.

मी फरशीवर बसून खूप रडले. त्यानं काही होत नाही, पण रडले.

१५ जून

सकाळी जाऊन सांगून टाकलं. मालकीणबाई पॅकिंगच्या खोलीत रिकाम्या कुंड्या एकात एक घालत होत्या. मी फोन पुढे केला. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. म्हणाल्या, वाच तू.

मी साच्याची ओळ वाचली. म्हटलं, ही पुडी मी पहिल्याच दिवशी टाकली. मास्तर मला तेच सांगत होते. तुमची शेड मी मारली. हे सगळं एका दमात बोलले, थांबले असते तर बोलले नसते. त्या कुंड्या लावत राहिल्या. मग विचारलं, खाली काय लिहिलंय? मी वाचत गेले. एक, बगळा. दोन, कंदील. तीन, पाचू. पाच, बाँगछी.

त्यांचे हात थांबले.

"परत वाच."

मी साच्याची ओळ परत वाचू लागले.

"ते नाही. पाच."

"बाँगछी."

इंग्रजी अक्षरांत होतं तोवर मला ते नाव वाटलंच नव्हतं. मास्तरांच्या अक्षरात, आपल्या लिपीत दिसलं तेव्हा कळलं, जुन्या बायकांचं असतं तसलं नाव आहे. माझ्या आजीच्या शेजारणीचंही होतं.

मालकीणबाई उलट्या टोपलीवर बसल्या. "हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. यंत्र दीड महिना हेच म्हणतंय. बाँगछी, हे नाव माहीत नाही."

त्यांनी हातातली कुंडी खाली ठेवली. मग फरशीकडे बघत बोलल्या. त्या चौथी मुलगी. बापाला मुलगा हवा होता. तेव्हा अशा मुलीला हेच नाव ठेवायचे, बाँगछी, म्हणजे आलीच आहे तर वाढवा कशीतरी. शाळेत पोरं त्या नावानं हाका मारून पळायची. विसाव्या वर्षी कचेरीत जाऊन त्यांनी ते बदललं, श्यूमान केलं. लग्नानंतर नवऱ्याला एकदाच सांगितलं आणि बजावलं, हे नाव तुझ्या तोंडून कधी ऐकायचं नाही मला.

"चव्वेचाळीस वर्षं," त्या म्हणाल्या. "एकदाही नाही. भांडणातसुद्धा नाही."

आणि मग, "माझ्याकडे बोट दाखवत होता गं तो. मी म्हणायचे, तूच ठेव म्हणतोय."

त्या उठून घरात गेल्या. मी मागे गेले नाही, पण खिडकी उघडी होती. त्यांनी खुर्ची तीन कुंड्यांसमोर वळवली आणि म्हणाल्या, "बाँगछी होय रे?" मास्तरांनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. त्यांनी बोट उचललं, आधी कुंडीकडे, मग मालकीणबाईंकडे. त्या मास्तरांच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी तिथून निघाले.

१९ जून

खिडकीतल्या तीन कुंड्यांपैकी दोन पिवळ्या पडल्यात. घरातली हवा त्यांना मानवत नाही. तिसरीला एक कळी आहे. राहील की गळेल, मालकीणबाईंनाही सांगता येत नाही. नोंदणीच्या कागदावर त्यांनी नाव लिहिलंय, स्वतःच्या हातानं. फुलाशिवाय कागद जात नाही, म्हणून तो पाठवलेला नाही. माझा राजीनामा अजून चहाच्या डब्याखालीच आहे, आणि त्याबद्दल आम्ही दोघीही बोलत नाही.

आज मास्तर दाराशी बसले होते. मी हिरवी पुडी उलटी केली, त्यांच्यासमोर तिच्या पाठीवर मार्करनं सगळं जसंच्या तसं उतरवलं आणि त्यांना दाखवलं. त्यांनी एकेक ओळ बघितली. मान हलवली. मग मी साच्यात लिहिलं, सर्व्हर बंद केला, चालू केला. तीनदा केलं. तिन्ही वेळा नावानं हाक मारली आणि तिन्ही वेळा बाँगछीनं लगेच ओ दिली. पाच नंबरचे पंखे फिरायला लागले, झडपा उघडल्या, पाण्याचा पडदा वाहायला लागला.

आत काही नाही. मांडण्या धुऊन ठेवल्यात. मास्तर ऐकत होते. मी बंद करायला उठले, तर त्यांनी माझा हात धरला. म्हणून पंखे चालू ठेवले.